पुलावरचा दम

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
लेक सोळा तारखेला नोकरीसाठी परदेशी चालली. तीन वर्षं. जाण्याआधी दुपारी चार तास घरी येणार. त्या चार तासांत तिच्या लहानपणचा मोटार-रेसचा गेम दोघांनी खेळायचा, असा माझा बेत आहे. टीव्हीला जोडायचा जुना कन्सोल केव्हाच मेला, पण सीडी मी जपून ठेवली आहे. एम्युलेटर नावाचा प्रोग्राम टाकला की कॉम्प्युटर स्वतःलाच तो कन्सोल समजायला लागतो.
सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, हव्यात. मिळतात चौतीस. गाडी उचक्या देत पळते. बत्तीस वर्षं झेरॉक्स मशीनं दुरुस्त केली आहेत. दोन दिवसांचं काम.

५ मार्च
दोन दिवस झाले. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, अँटीव्हायरस बंद केला, पंखा उघडून धूळ काढली, रिझोल्यूशन कमी केलं. चौतीस.
माझा धंद्यातला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज चार बदलल्या, पण ते घाईमुळे. घाई बायकोमुळे. तिला जेवणाचं टेबल परत हवं होतं.

६ मार्च. दुपारी
सापडलं. कॉम्प्युटर वीजबचतीच्या मोडवर होता. तो मोड मीच लावला होता, जानेवारीत. हिला सांगितलं, फार खोलवरचा दोष होता.
आता साठ. लेकीचा फोन येऊन गेला. टेस्ट चालू असताना फोन घेता येत नाही.

७ मार्च
एक जागा राहिली. सुरुवातीचा सरळ रस्ता संपला की पूल लागतो. तिथे दोन सेकंद बावीस फ्रेम. चित्र जागच्या जागी अडकतं.
हिला दुसरा कंट्रोलर देऊन बसवलं. एकच बटण दाबून धरायचं, बाकी काही नाही. तेवढ्यात सुद्धा हिचं लक्ष वर्तमानपत्रात.
निरीक्षण: एक गाडी असेल तर अडकत नाही. दोन्ही गाड्या पुलावर असतील तरच अडकतं. निष्कर्ष: कॉम्प्युटरला दोघांचा भार झेपत नाही.

९ मार्च, रविवार
लेकीचा फोन. मी फ्रेमचा आलेख काढत होतो म्हणून हिने घेतला आणि गेमचं सांगून टाकलं. मग मला विचारायला आली, की ती विचारतेय, पुलावर दम आहे का अजून.
वाईट वाटलं. बापाच्या मशीनमध्ये दम आहे का, हे आता लेकीने विचारायचं. म्हटलं, तिला सांग, सोळा तारखेला ये आणि बघ.
निर्धार: पूल पडला तरी चालेल, फ्रेम पडू देणार नाही.

११ मार्च
प्रोसेसर थंड राहावा म्हणून त्याला नवी थर्मल पेस्ट लावली. वाटाण्याएवढी लावायची असते, हे नंतर वाचलं. बावीस.
इंटरनेटवर जाणकारांच्या एका ग्रुपवर विचारलं. एकाचं उत्तर आलं: मूळ कन्सोलवरही तिथे अडकायचंच, तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे, सोडून द्या. हल्ली निदान करायला कुणाला नको. मशीन असंच असतं, हे मीही गिऱ्हाइकांना सांगायचो, पण मी तेव्हा नवीन होतो. माझ्या आठवणीत तो गेम लोण्यासारखा चालायचा.

१३ मार्च
लेकीचा फोन. या वेळी मी स्वतः घेतला. तिने विचारलं, बाबा, कसा आहेस. म्हटलं, बावीस.
तिने पुन्हा तेच विचारलं. लाइन खराब असावी.

१४ मार्च. दुपारी ४.४०
जिंकलो. एम्युलेटरमध्ये एक सेटिंग असतं. त्याने नकली कन्सोलचा प्रोसेसर खऱ्याच्या दुप्पट वेगाने पळवता येतो. दोन्ही गाड्या पुलावर, आणि साठ. एकसारखे साठ.
हिला आकडा दाखवला. म्हणाली, बरं झालं, आता बटण सोडू का.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.००
लेक गेली.
आल्यावर पहिला पाऊण तास तिला आलेख दाखवले. नीट बघत होती. मग जेवणं, मग तिच्या बॅगेची चेन अडकली, त्यात वेळ गेला. खेळायला बसलो तेव्हा साडेचार झाले होते. टॅक्सी पाचला.
पुलावर आलो तशी तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यातला आकडा बघत होतो. साठ. तिची गाडी कठडा तोडून पाण्यात. म्हटलं, लक्ष कुठे आहे तुझं.
तिने विचारलं, बाबा, दम कुठे गेला.
मला कळेना. मग तिने सांगितलं. ती आठ वर्षांची असताना पुलावर गेम दोन सेकंद अडकायचा. मी म्हणायचो, दम घे. मग दोघंही हात सोडून एकमेकांकडे बघायचो. रोज. नाव मीच पाडलं होतं म्हणे. फोनवर तिने तेच विचारलं होतं.
आठवलं, असं म्हटलं. खरं तर आठवलं नव्हतं. ते टॅक्सी वळल्यावर आठवलं.
सेटिंग परत बदलायला मिनिटभर लागतं, असंही तिला म्हटलं होतं. प्रोग्राम रीस्टार्ट मागत होता. खाली हॉर्न वाजला. राहू दे बाबा, म्हणाली.

१७ मार्च
काही नाही.

१८ मार्च. सकाळी १०.१५
सेटिंग पूर्ववत केलं. एकटाच खेळलो. पुलावर साठ. पुन्हा खेळलो. साठ. एका गाडीला दम लागत नाही. सात तारखेला हे मीच लिहून ठेवलं आहे.
हिला हाक मारली. काही न विचारता आली, दुसरा कंट्रोलर घेतला, शेजारी बसली. आज वर्तमानपत्र आणलं नव्हतं.
दोन्ही गाड्या पुलावर आल्या. बावीस. चित्र अडकलं. मी हात सोडले आणि शेजारी बघितलं.
ही मान खाली घालून बटणाकडे बघत होती. अंगठा दाबून दाबून पांढरा झाला होता. म्हणाली, सोडू का आता.