आठवी 'ब'ची तुटक रेघ

१६ जून, सोमवार
शहाडच्या शाळेत पहिला दिवस. भाड्याचं घर शाळेपासून सात मिनिटांवर आहे आणि कल्पिताला माझ्याच वर्गात, आठवी 'ब'मध्ये, प्रवेश मिळाला. शाळेत मला टीचर म्हणायचं अशी लेकीला ताकीद दिली, तर बाईसाहेब घरीसुद्धा म्हणे, टीचर, जेवायला वाढा! वर्गात डिजिटल फळा आहे. माजिवड्याहून आलेल्या कंपनीच्या सूरजने रेघेची सेटिंग्ज शिकवली: रंग, जाडी, टोकाला बाण, आणि रेघ सलग हवी, तुटक हवी की ठिपक्यांची. अठरा वर्षं खडूने हात पांढरे केले, आज भलतीच खूश आहे मी.

१९ जून
माझी जुनी पद्धत इथेही सुरू केली. भूमितीची वही न आणणाऱ्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. वही आली की नावावर काट. आज पाच नावं. त्यात कल्पिताचंही, टीचरची मुलगी म्हणून सूट दिली असं कुणी म्हणायला नको. रुसली माझ्यावर. व्हेनेसा नावाची लांब वेणीची, बडबडी पोर मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन वही घेऊन आली. तिच्या नावावर जाड, लाल, सलग रेघ ओढली.

२० जून
व्हेनेसा गैरहजर. कल्पिताने वही दाखवली. कालच्या जाड रेघेखाली व्हेनेसाचं नाव पार झाकलं गेलं होतं, म्हणून आज कल्पिताच्या नावावर बारीक, तुटक रेघ ओढली. छान दिसते. फाइल सेव्ह केली.

२३ जून
हजेरीपटावर व्हेनेसाचं नावच नाही, आणि क्रमांक मात्र ओळीने बरोबर. मुख्याध्यापिका डेल्फिन टीचर हसून म्हणाल्या, की अगं सोनल, या नावाची पोर आपल्याकडे नव्हतीच, नवीन आहेस ना, गोंधळ होतो. तिच्या बाकावरची मुलगीही तेच म्हणते. घरी येऊन आठवून पाहिलं. वेणी आठवते, चेहरा आठवत नाही.

२४ जून
संध्याकाळी कल्पिता भाजी निवडत बोलत होती आणि वाक्याच्या मध्येच नाहीशी झाली. हाका मारत जिना उतरले. परत आले तर तिथेच बसून उरलेलं वाक्य पुरं करत होती. तिला काहीच कळलेलं नाही. जेवताना पुन्हा तेच. मी घड्याळ धरून बसले. नऊ मिनिटं नाही, चार मिनिटं आहे, परत नऊ मिनिटं नाही. फळ्यावर तिच्या नावावरची तुटक रेघ आठवली. रेघेचा तुकडा जेवढा, तेवढा वेळ ती नाही. मधली फट जेवढी, तेवढीच ती आहे.

२५ जून
शाळा भरायच्या आधी फळा उघडला. सेव्ह झालेलं मागे घेता येत नाही. खोडायला गेले तर रेघेबरोबर कल्पिताचं नावही पुसट व्हायला लागलं. हात मागे घेतला. शेवटी रेघ निवडून सेटिंग्ज उघडली: ठिपके, मधलं अंतर सर्वांत जास्त. आता तासातून क्षणभरच जाते. एवढ्यावर जन्म काढीन मी. फक्त त्या फळ्याला कुणी हात लावू नये.

२७ जून
डेल्फिन टीचरनी कंपनीला सगळे फळे तपासायला सांगितलेत. सूरजला घाईने फोन लावला, नको येऊस म्हणायला. म्हणाला, टीचर, टेन्शन नका घेऊ, मी शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलोय, पण तुमचा बोर्ड इथूनच मोबाइलवर नीट केला, लाइनी तुटत होत्या ना, आता सगळ्या सलग.
सगळ्या.
कल्पिता समोर अभ्यास करत— होती.

२८ जून
विसरायच्या आत लिहिते. उंची माझ्या खांद्याला. डाव्या भुवईत व्रण, सायकलवरून पडली तेव्हाचा. भाताआधी ताक पिते. हसताना तोंडावर हात— आवाज— आवाज कसा होता—

३० जून
शेजारच्या शेवंतीकाकू म्हणाल्या, एकटीला दोन खोल्या कशाला गं. भांडले त्यांच्याशी. आत येऊन पाहिलं. गादी एकच. कुणासाठी भांडले मी, हे—

१ जुलै
बरा दिवस. ही वही चाळली. अक्षर माझंच. पानोपानी एका मुलीबद्दल लिहिलंय. इतका जीव मी कुणावर— वाचताना रडू आवरत नाही, आणि ते कुणासाठी ते कळत— कल्पिता म्हणजे