एकतीस नंबरचा ठसा

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! सहा तास बस, त्यातले शेवटचे दोन तास नुसती वळणं. उतरताना बाबांनी हात पुढे केला, मी धरला – आणि लगेच कळलं की हात नाही, कोपर धरायला हवं होतं. त्यांनी फक्त डोळे मिटले.

इथे सगळीकडे वास आहे. सडक्या अंड्यांचा. डोंगराच्या पोटातून गंधकाचं कढत पाणी येतं, त्यानं आखडलेले सांधे सुटतात म्हणतात. लांबलचक दगडी इमारत, खाली कुंडं, वर खोल्या. आमची एकतीस नंबर. दोन खाटा, एक खिडकी, खिडकीत डोंगर – दुसरं काही नाही! दारामागे पाटी: ‘सोबतीचा माणूस गेल्यास पेशंटचे नाव कमी करण्यात येईल.’ छान. म्हणजे मीही कैदी.

कॉलेजातल्या ‘तिला’ पत्र लिहिलं. टपालपेटी उद्या शोधतो.

४ नोव्हेंबर

इथली रीत जगावेगळी आहे. पहिल्या दिवशी दुखऱ्या अंगाचा ठसा घेतात. कुंडाच्या तळाची काळी माती लाकडी चौकटीत थापायची, तिच्यावर हात किंवा पाय दाबून दहा आकडे मोजायचे, मग खिळ्यानं खोलीचा नंबर आणि तारीख कोरायची. उन्हात वाळला की विटेसारखा कडक. बाहेरच्या भिंतीला फळ्या ठोकल्यात, त्यांवर सगळे ठसे ओळीनं मांडलेले – पंजे, टाचा, कोपरं. दर सातव्या दिवशी नवा ठसा जुन्याशेजारी ठेवतात. उपचार एकवीस दिवसांचा. जाताना पेशंटनं आपले ठसे फोडून माती कुंडात परत टाकायची.

हे सगळं ज्यानं सांगितलं तो कुंडाचा राखणदार. गळ्यात शिट्टी. वीस मिनिटं झाली की फुंकतो आणि पन्नास-साठ म्हातारीकोतारी माणसं निमूट पाण्यातून बाहेर! सगळे त्याला कप्तान म्हणतात.

बाबांनी दोन्ही हात मातीवर ठेवले. दहा मोजून उचलले. हात म्हणून काही उठलंच नव्हतं. पाच-पाच टोचे आणि मनगटापाशी अर्धगोल. तळवा टेकलाच नाही.

“घड्याळमास्तर,” कप्तान म्हणाला, “किती वर्षं चिमटा धरलात?”

“छत्तीस.”

“मग पाण्याला एकवीस दिवस तरी द्या!”

बाबा हसले. किती दिवसांनी हसले!

इथे नंबर लागायला दीड वर्ष थांबलो. दुकान चार महिने बंद आहे. बोटं सुटली तर बाबा दुकान उघडतील. नाही सुटली तर – तिथून पुढे ते बोलत नाहीत. पुढे मी असतो. भिंगाखाली डोळा घालून दुसऱ्यांची घड्याळं उघडत बसलेला, आयुष्यभर. ते माझ्याच्यानं होणार नाही.

६ नोव्हेंबर

बाबांच्या शर्टाची बटणं मी लावतो. आज एक घर चुकलं, सगळी काढून परत लावली. “घाई कसली आहे?” ते म्हणाले. मी फाडकन बोललो, “मला कसली घाई? मला कोण बोलावतंय!”

ते माझ्या करंगळीकडे बघत राहिले. ती बाहेरच्या बाजूला वाकलीय, नीट बसलीच नाही. मूठ खरं तर वर्गातल्या एका पोराच्या नाकावर बसायची होती. तिच्यावरून बोलला होता तो. तो खाली वाकला, मागचं दार काही वाकलं नाही! प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणालो, कॉलेजच सोडतो. आणि सोडलं, दुसऱ्या वर्षाच्या मध्यात. बाबांनी तेव्हा एवढंच म्हटलं, “मोठा झालास.” त्या दिवसापासून घरात तिचा विषय नाही. मी तर मरेपर्यंत काढणार नाही. कुणापुढे तोंड वेंगाडायची सवय नाही मला.

८ नोव्हेंबर

पत्र नाही.

९ नोव्हेंबर

पत्र नाही. टपालवाल्याशी भांडलो. तो म्हणाला, “साहेब, मी आणतो, लिहीत नाही.” बरोबरच होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला.

११ नोव्हेंबर

दुसरा ठसा. पहिल्यासारखाच. मी दोन्ही शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत होतो – केसभरही फरक नाही.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. गुडघ्यांसाठी तिसऱ्यांदा आल्यात. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात आणि त्याही सगळ्यांना वर्गात बसल्यासारखंच वागवतात. मला म्हणाल्या, “तोंड असं पाडू नकोस. पहिले दोन आठवडे पाणी नुसती ओळख करून घेतं. काम करतं ते शेवटच्या आठवड्यात. माझं डावं ढोपर एकोणिसाव्या दिवशी सुटलं होतं. आणि वडिलांसमोर सारखे सुस्कारे काय टाकतोस? आजारी कोण आहे, ते की तू?”

मीच, मोठ्या बाई! पण ते तुम्हाला कसं सांगू?

१४ नोव्हेंबर

आलं!! पत्र आलं! चार ओळी. दहा वेळा वाचल्या.

‘वीस तारखेच्या सकाळच्या गाडीने मी जाते आहे. तीन वर्षांसाठी. भेटून सांगायचं होतं. जमलं तर ये.’

जमलं तर! मी तिच्यासाठी अख्खं कॉलेज लाथाडलं आणि ती लिहिते जमलं तर! पण ‘भेटून सांगायचं होतं’ – काय सांगायचंय? तू मला ‘थांब’ म्हण, असंच ना? दुसरं काय असणार?

वीस तारीख. आमचे एकवीस दिवस पुरे होतात चोवीसला.

१५ नोव्हेंबर

कप्तानला विचारलं, दोन दिवस खाली जाऊन येऊ का? त्यानं शिट्टी पुसता पुसता विचारलं, “घड्याळमास्तरांना जेवू कोण घालणार? न्हाऊ कोण घालणार?” मी म्हणालो, मोठ्या बाई लक्ष ठेवतील. “मोठ्या बाईंना स्वतःला दोन माणसं धरून उठवतात, कॉलेजकुमार. पाटी वाचली नाहीस? तू गेलास की त्यांचं नाव गेलं. परत नंबर लावा, परत दीड वर्ष. लवकर सोडतात ते ठसा पुरा उठला तरच.”

बाबांना सांगू का? सांगायचं म्हणजे तिचं नाव घ्यायचं. दोनदा तोंड उघडलं. दोनदा म्हणालो, “पाणी हवंय का?”

१६ नोव्हेंबर

बाबांनी आज चमचा स्वतः धरला. दोन घास खाल्ले. तिसऱ्याला पडला. मी उचलायला वाकलो तर म्हणाले, “राहू दे, राहू दे – धरला होता ना, बघितलंस?”

मी बघत नव्हतो. मी तारखा मोजत होतो.

१८ नोव्हेंबर

हे लिहायचं नव्हतं. पण कुठेतरी लिहायलाच हवं.

आज तिसरा ठसा. सकाळी कुंडावर गर्दी. कप्तान ओरडला, “कॉलेजकुमार, एकतीसचा ठसा तूच घे रे, आता माहितीय तुला!” मी चौकटीत माती थापली. बाबांनी हात दाबले, मी दहा मोजले, मग ते पाण्यात गेले. चौकटीपाशी मी एकटाच राहिलो.

ठसा उठला होता. थोडासा, पण उठला होता! उजव्या अंगठ्याची अख्खी कड होती. तळव्याच्या मधोमध, जिथे दोन्ही वेळा कोरी माती होती, तिथे दोन रेघा आल्या होत्या.

मी त्यावरून हात फिरवला. माती सपाट केली. आणि माझे हात दाबले. जरा आखडून, संशय येऊ नये म्हणून. दहा मोजले. खिळ्यानं ३१ कोरलं.

डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदाच वर येतात. त्या आल्या तेव्हा बाबांचे हात गरम फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले होते. पाण्यातून आल्यावर दुपारपर्यंत ते उघडायचे नसतात, हा इथला कायदा. हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं मला! बाई पट्टी घेऊन ठशांच्या फळीपाशी थांबल्या. पहिला ठसा बघितला, दुसरा बघितला, तिसऱ्यावर पट्टी ठेवली, मग परत ठेवली.

“मास्तर, हे तर नवलच आहे! पंधराव्याच दिवशी! खरं सांगू का, खाली माणसं खोळंबलीत. तुम्ही उद्या गेलात तर एकाची सोय होईल. राहिलेलं घरी गरम पाण्यानं करता येईल. पण तुमचे एकवीस दिवस तुमच्या हक्काचे आहेत. राहायचं असेल तर राहा.”

बाबा उठून फळीपाशी आले. ठशावर वाकले. कितीतरी वेळ वाकून होते. पण डोळ्यांवर चष्मा नव्हता, तो खोलीवर. मग माझ्याकडे बघितलं.

“जातो आम्ही उद्या,” ते म्हणाले.

त्यांना कळलं नाही. सुटलो! सुटलो असं लिहिलं खरं, पण हात अजून धुतोय. माती नखांतून निघत नाही.

१९ नोव्हेंबर

निघालो. जायच्या आधी ठसे फोडायचे होते. पहिले दोन बाबांनी पायानं ढकलून खाली पाडले, मी तुकडे कुंडात टाकले. तिसऱ्याच्या वेळी ते म्हणाले, “हा घरी नेतो.”

कप्तान तडकला. “असं नाही चालत मास्तर. कुंडाची माती आहे, कुंडात जायला पाहिजे.”

“एवढा एक राहू दे.”

“कशाला पण?”

“बरा उठलाय.”

कप्तान पुटपुटत गेला आणि जुनं पोतं घेऊन आला, स्वतःच गुंडाळून दिलं. मोठ्या बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. “सहा दिवस राहिले होते की,” एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघून.

बसमध्ये पोतं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक वळणाला वाटायचं, द्यावं खिडकीतून टाकून.

२० नोव्हेंबर

भेटलो. फलाटावर, पंचवीस मिनिटं. तिचा भाऊ लांब उभा होता, सामानापाशी.

मी म्हणालो, “जाऊ नकोस.” ती म्हणाली, “मला जायचंय. कुणी पाठवत नाहीये मला, मीच अर्ज केला होता. नर्सिंगला नंबर लागलाय. हेच सांगायचं होतं.”

मी म्हणालो, “तुझ्यासाठी कॉलेज सोडलं मी!”

“मी सांगितलं होतं?” आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. “त्या मुलाला मार म्हणून सांगितलं होतं? हात मोडून घे म्हणून? तू काहीतरी करून टाकतोस आणि मग दुसऱ्याच्या नावावर लिहितोस. मला त्याचं ओझं होतं रे.”

मग विचारलं, “बाबांचे हात कसे आहेत?”

मी म्हणालो, “बरे आहेत.”

गाडी गेली.

२१ नोव्हेंबर

काही नाही.

२३ नोव्हेंबर

बाबांनी दुकान उघडलं. दाराची फळी मी काढली. ते आपल्या जागेवर बसले, भिंग डोळ्याला लावलं, चिमट्याकडे हात नेला. चिमटा उचलला गेला नाही. परत नेला. तिसऱ्यांदा उचलला, दातांखाली ओठ धरून, आणि स्क्रूपर्यंत नेईपर्यंत निसटला. खाली पडल्याचा आवाज एवढासा. दुकानातली सगळी घड्याळं बंद, म्हणून ऐकू आला.

गरम पाणी करून दिलं. घरचं पाणी. त्याला कसलाच वास नाही.

२४ नोव्हेंबर

आज एकवीस पुरे झाले असते.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना पत्र लिहून सगळं कळवलं. परत घ्या म्हणून विनवलं. हो, विनवलं. मी! आज उत्तर आलं. नंबर लावून घेतलाय. साधारण दीड वर्ष. खाली एक ओळ: ‘तोपर्यंत हात अजून आखडतील, हे तुम्हाला ठाऊक असावे.’

बाबांना सांगायचं ठरवलं. सकाळी ठरवलं, दुपारी ठरवलं. रात्री म्हणालो, “पाणी हवंय का?”

२ डिसेंबर

सकाळी दुकानात गेलो तर बाबा गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलेले. त्यांची खुर्ची रिकामी. समोर पाटावर तो ठसा. कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडलेलं, आणि त्याचे भाग ठशातल्या बोटांच्या खळग्यांत ओळीनं ठेवलेले. अंगठ्यात चाकं, मधल्या बोटात काटे. त्यांनी ते एकेक करून कसे ठेवले असतील देव जाणे. पहाटेपासून बसले असतील.

मी म्हणालो, “बाबा, तो ठसा –”

“छत्तीस वर्षं केसाएवढी स्प्रिंग सरळ आहे का वाकडी ते बघत आलो. एवढी वाकडी करंगळी चष्म्याशिवाय दिसणार नाही मला?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत? तिथेच?”

“तू लहानपणापासून काही मागितलं नाहीस कधी. म्हटलं, या वेळी मागतोयस.” मग, “भेटली का?”

मी मान डोलावली.

“बस,” ते म्हणाले. “करंगळीत सगळ्यात बारीक स्क्रू आहे. तो आधी उचल.”