मशीनरूममधलं कार्ड

मरोळ,
३ मार्च २०२५

ती. जयंतीआत्यास,
देवेशचा साष्टांग नमस्कार.

आम्ही बरे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? तू दिलेलं लोणचं श्वेताने चार दिवसांत फस्त केलं आणि वर मलाच खादाड म्हणते. फोन सोडून हे पत्र काय, म्हणून हसशील. सकाळपासून तीनदा फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत बंद केला.

थोडे दिवस आमच्याकडे राहायला येतेस का? उद्या मी मुलुंडला येतोच आहे. तुला हाताला धरून जिन्याने उतरवीन. सात मजले आहेत, ठाऊक आहे मला. थांबत थांबत उतरू.

जिन्यानेच, आत्या. लिफ्टमध्ये पाय ठेवू नकोस.

शुक्रवारी कांजूरमार्गला आमच्या कंपनीकडे देखभालीला असलेली एक लिफ्ट ब्रेक न लागता तीन मजले घसरली. आतल्या बाईंचे दोन्ही पाय मोडले. मी पोचलो तेव्हा त्यांची भाजीची पिशवी आतच पडली होती. ब्रेकच्या पट्ट्या जुन्या होत्या. एका इमारतीतून काढायच्या, घासूनपुसून दुसरीकडे नव्या म्हणून बसवायच्या, ही आमच्या चंद्रप्रकाश साहेबांची पद्धत. मी एकदा विचारलं होतं. "चालतंय ना? मग कशाला किडे करतोस?" म्हणाले. मी पुन्हा कामाला लागलो.

तशाच पट्ट्या तुमच्या लिफ्टला आहेत. मीच बसवल्यात. "माझा भाचा आहे, डोळे मिटून काम द्या," म्हणून तू कमिटीशी भांडली होतीस. मला फार भीती वाटतेय गं. जेवण जात नाही.

मशीनरूममध्ये दर महिन्याच्या तपासणीचं कार्ड लटकतं ना, ते आम्ही दोन-तीन महिन्यांचं एकदम भरतो, पेनं बदलून. त्यावर ७ फेब्रुवारीला माझी सही आहे. त्या दिवशी आपण दोघं चिपळूणला गंधालीच्या लग्नात होतो. तूच मला आग्रह करकरून जिलेब्या वाढत होतीस.

कांजूरचं कार्ड साहेबांनी आज फाडून टाकलं. तुमचं आणायला उद्या मला पाठवतायत. तुला न्यायला येतो म्हटलं ते अर्धंच खरं.

हे पत्र तुमच्या मार्तंड वॉचमनच्या हाती देतोय. आत कोणी नाही हे बघून खालच्या मीटररूममधून लिफ्टची वीज बंद करून जातोय. कोणाला चालू करू देऊ नकोस. मशीनरूमची किल्ली कमिटीने तुझ्याकडेच ठेवलीय, तर ते कार्ड आजच काढून घे आणि या पत्रासकट कमिटीपुढे ठेव. माझं काय व्हायचं ते होवो.

उद्या मी दारात येऊन मशीनरूमची किल्ली मागेन. नोकरीचं सांगेन, श्वेताचे दिवस भरत आलेत हे सांगेन, कदाचित रडेनही. तू मला लहानपणापासून ओळखतेस, मी भित्रा आहे.

किल्ली देऊ नकोस.

तुझाच,
देवेश

(ही सही आजचीच आहे.)