राखीव सिलिंडर

केडगाव,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. कल्याण यास,
आदिनाथदादाचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. खर्ड्याला थंडी पडली असेल, कानाला गुंडाळत जा.

डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून तू फोन घेत नाहीस असं तुझी ज्योती म्हणाली, म्हणून पत्र. खरं तर फोनवर हे मला बोलवलंच नसतं.

बुडालेल्यांना शोधायच्या आपल्या पथकात नवं ठरलंय. प्रत्येकाच्या अंगावर स्वतःचा हवेचा छोटा राखीव सिलिंडर, आणि उतरण्याआधी एकमेकांच्या सिलिंडरचा काटा बघून आकडा मोठ्यानं सांगायचा. हे तू दोन वर्षांपूर्वीच सुचवलं होतंस. मी म्हणालो होतो, "लग्नाला चाललास का, एवढा आहेर घेऊन?" सगळे हसले, तूही हसलास. आणि दोघांत एकच राखीव सिलिंडर दोरीला बांधून आपण खाली सोडत राहिलो.

ज्योतीनं आणखी एक सांगितलं. "दादा, ते हिरीवर बी जात न्हाईत. नुसतं हात बघत बसत्यात. म्हनत्यात, चावी उलटी फिरवली, ह्या हातांनीच घात केला."

तेव्हापासून मला जेवण जात नाही.

काष्टीजवळच्या तलावावर त्या दिवशी तू यायच्या आधी मी एकटा उतरलो होतो. एकट्यानं उतरू नये हे मीच तुला शिकवलेलं. काठावर दगडाबाई बसली होती, बुडालेल्या सीमाची आई. मांडीवर कोरडी साडी, लेक वर आली की अंग झाकायला. परतायची वेळ झाली तरी मला ती साडीच दिसत होती. पाठीवरची हवा संपत आली, तेव्हा दोरीवरचा राखीव सिलिंडर तोंडाला लावून मी शोधत राहिलो. वर येईपर्यंत तोही संपला. सीमा सापडली नाहीच. तिसऱ्या दिवशी आपोआप वर आली.

दुपारी आपण दोघं उतरलो. पाठीवरचे सिलिंडर बदलले, राखीव तसाच ठेवला. बदलायला सांगितलं असतं तर मी एकटा उतरल्याचं कळलं असतं. म्हटलं, एवढ्यात कुठं लागतोय. मग गाळानं तुझी हवा बंद पडली. तू दोरीपाशी गेलास, चावी फिरवलीस, आणि काहीच आलं नाही. एका दमात वर आलास तो कानाचा पडदा फाटून, तोंडातून रक्त घेऊन. काठावरचे म्हणाले, "घाबरलं प्वार." मी ऐकून घेतलं.

चौकशीत तो सिलिंडर भरलेला निघाला, म्हणून तूच चावी उलटी फिरवलीस असं ठरलं. तू दवाखान्यात असताना मीच तो भरून आणला होता. हे एवढं लिहायला मला तीन महिने लागले.

काल आपल्या प्रमुखांना, आबासाहेबांना, सगळं लेखी दिलं. पथकातून बाहेर पडलो. त्यानं तुझा कान परत येत नाही, हे मला कळतं. तू ये म्हणालास तरच मी खर्ड्याला येईन.

हे पत्र ज्योतीला वाचू दे. गावात कुणी तुला भित्रा म्हणालं, तर त्यालाही दे. तू चावी बरोबर फिरवली होतीस, कल्याण. तुझ्या हातांचं काहीही चुकलं नाही.

तुझ्या वाटणीची हवा वापरून बसलेला,
आदिनाथ