बरणीतला चुरा

आई, समुद्रातल्या रिगवरून प्रियंकाचा जय भीम.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण डोकं जाम फिरलंय. काल तेलविहिरीतून वर आलेला दगडाचा चुरा आमच्या तपासणीच्या दिव्याखाली पिवळा चमकला. म्हणजे त्या थरात तेल आहे! साहेबांनी तो साबणाने खसाखसा धुतला आणि मलाच विचारतात, "कुठंय तेल?"

न धुतलेला थोडा चुरा मी तुझ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला होता. तो दाखवला, तर सगळ्यांसमोर हसले, "हे लोणच्याचं तेल!" दगड धुवायचा नव्हता, तो त्यांनी धुतला. बरणी धुवायची होती, ती मी नुसती पुसली गं!

उद्या तो थर सिमेंटने बुजवणार. 'तेल नाही' या अहवालावर मी सही करणार नाही, नोकरी गेली तरी.

घरी चारकोपला पाणी येतं ना? पप्पांना यातलं काही सांगू नकोस. आणि यापुढे मला सुकी चटणीच दे.

तुझीच,
प्रियंका