दहापैकी नऊ

पांडेसरा, सुरत
२३ जून १९९६

चि. रजनी हिला अ. उ. आ.

तुझं पत्र आणि शब्दांचा कागद परवा मिळाला. पत्र झकास, कागद फिका. पाच शब्दांची पाच वाक्यं, आणि पाचही वाक्यांत राम आणि सीता बाजारात जातात! बाई गं, बँकेच्या परीक्षेचे पेपर तपासणारासुद्धा माणूसच असतो, त्यालाही झोप येते. घरातली माणसं घे, त्यांच्यावर काहीतरी गुदरू दे. वाक्य खोटं असलं तरी चालेल, फिकं चालणार नाही.

मला इंग्रजीचं एवढं वेड का, ते तुला ठाऊक आहे. मी साड्यांच्या घड्या घालत होतो, आणि परदेशातून आलेल्या पत्रात ऑफिसच्या लोकांना एक शब्द अडला. तो मला आला, म्हणून शेठनी मला पॅकिंगमधून उचलून टेबलावर बसवलं. एका शब्दाने माझं भलं झालं, तुझं हजार शब्दांनी होऊ दे.

नवे शब्द मागच्या बाजूला लिहिले आहेत. या वेळी दोनच आहेत, पण अवघड, म्हणून इथे समजावतो. इमेसिएटेड म्हणजे आजाराने किंवा उपासाने खंगलेला. माझं वाक्य असं, की आमच्या खाडीकाठची कुत्री इमेसिएटेड आहेत आणि गिरणीतून खाडीत सुटणारा रंग बदलला की त्यांचाही बदलतो. कन्सील म्हणजे लपवणे. माझा खोलीतला जोडीदार धुडकू मिशीखाली हसू कन्सील करतो.

आईला सांग, सलग दोनशे चाळीस दिवस हजेरी भरली की मी कायम होणार. दिवाळीच्या आत भरते. तोवर एकही खाडा नको, म्हणून यंदा राखीला येत नाही. रागावू नका दोघी.

आहे तो लोभ राहू दे, अभ्यासावर थोडा जास्त.
तुझा भाऊ,
पांडुरंग

—

दोंडाईचा
६ जुलै १९९६

ती. भाऊस, शि. सा. न. वि. वि.

रंगीत कुत्र्यांचं वाक्य आईला मराठीत सांगितलं तेव्हा ती पदराआड हसली. इकडे सर्व ठीक आहे. आई बरी आहे. दारच्या शेवग्याला शेंगा आल्या आहेत.

हे लिहिताना आई शेजारीच बसली आहे. तिचा कायदा तू जाणतोसच, वाचून दाखवल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. शब्दांचा कागदसुद्धा मोठ्याने वाचावा लागतो. कळत काही नाही, पण आपली लेकरं साहेबासारखं बोलतात म्हणून मान डोलावते. तिने लिहायला सांगितलं आहे की राखीला नाही आलास तरी हरकत नाही, हजेरी मोडू नकोस, ती काही एवढ्यात मरत नाही.

कागद सोबत आहे. या वेळी राम-सीतेला घरीच बसवलं आहे. वाक्यं नीट वाच, भाऊ. घाईत वाचू नकोस.

तुझी माया इकडे वळलेली असू दे.
रजनी

शब्दांचा कागद
इमेसिएटेड: माय मदर हॅज बिकम इमेसिएटेड.
कन्सील: शी कन्सील्स हर पेन फ्रॉम एव्हरीबडी.

—

पांडेसरा
१४ जुलै १९९६

चि. रजनी हिला अ. उ. आ.

शाबास! ‘माझी आई खंगली आहे’ आणि ‘ती आपलं दुखणं सगळ्यांपासून लपवते’. याला म्हणतात वाक्य. दहापैकी नऊ दिले आहेत. एक गुण कापला, कारण ती सगळ्यांपासून लपवते तर तुला कसं कळलं, असं परीक्षक विचारेल. बिचाऱ्या आईला मात्र फुकट आजारी पाडलंस. तिची दृष्ट काढ.

धुडकूला वाक्यं वाचून अर्थ सांगितला तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, एकदा जाऊन ये घरी. मी त्याला समजावलं की बाबा रे, हा गृहपाठ आहे. तो रंगखात्यात आठ तास वाफेत उभा असतो, त्याला सगळंच खरं वाटतं.

नव्या शब्दांत इमिनंट आहे, म्हणजे अगदी दारात येऊन ठेपलेलं. आणि बिसीच, म्हणजे काकुळतीला येऊन विनवणे. लाल शाईच्या खुणा पाहून घे आणि कागद वहीत डकव.

आईच्या पायांना माझा नमस्कार, तुझ्या पेनाला माझा धाक.
पांडुरंग

—

दोंडाईचा
४ ऑगस्ट १९९६

ती. भाऊस, शि. सा. न. वि. वि.

तू दिलेले गुण आईला सांगितले. वाक्यांत मदर हा शब्द तिने बरोबर पकडला आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझी आई भाकरी फार छान करते असं लिहिलं आहे. ती खूश झाली.

आई बरी आहे. ती म्हणते लिही, दोन भाकरी खाते. म्हणून लिहिते, दोन भाकरी खाते.

मागच्या आठवड्यात आम्ही धुळ्याला जाऊन आलो. आई म्हणते लिही, मावशीकडे गेलो होतो.

कागद सोबत. या खेपेला गुण नाही दिलेस तरी चालेल.

विसरू नकोस आम्हाला.
रजनी

शब्दांचा कागद
इमिनंट: द डॉक्टर सेज द एंड इज इमिनंट.
बिसीच: ब्रदर, आय बिसीच यू, कम बिफोर राखी.

—

पांडेसरा
१३ ऑगस्ट १९९६

चि. रजनी हिला अ. उ. आ.

गुण नकोत म्हणतेस आणि असा कागद पाठवतेस? ‘डॉक्टर म्हणतात शेवट येऊन ठेपला आहे’ वाचून अंगावर काटा आला. ‘भाऊ, मी काकुळतीने विनवते, राखीच्या आत ये’ हेही सुरेख, पण बिसीच शब्द आता जुना झाला. परीक्षेत साधं रिक्वेस्ट लिहावं. आठ गुण.

खरं सांगू? वाचून असं वाटलं की उठावं आणि उधन्याला जाऊन पॅसेंजर पकडावी. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. आई दोन भाकरी खाते, मावशीकडे जाऊन येते. माझा जीव भांड्यात पडला. आणि तिला भाकरीची थाप मारलीस ना? लबाड आहेस!

ऑफिसात दिवाळीच्या मालाची घाई आहे. हजेरी अजून अखंड आहे, हे आईला मुद्दाम सांग.

राखी पाकिटातून पाठव, रागाने नको.
पांडुरंग

—

पांडेसरा
२९ सप्टेंबर १९९६

चि. रजनी हिला अ. उ. आ.

तेरावं उरकून परत आलो, पण लक्ष कशातच लागत नाही. तार मिळाली तशी गाडी धरली. सहा तासांचा तर रस्ता. पोहोचलो तेव्हा आईला ओट्यावर आणून ठेवलं होतं. मला तिचा चेहरा ओळखू आला नाही. रजनी, मला माझी आई ओळखू आली नाही.

निघायच्या दिवशी तुझी वही उघडली. दोन्ही कागद नीट डकवलेले. खाली लाल शाईत नऊ, पुढच्या पानावर आठ. अक्षर माझंच. तू मला दोनदा बोलावलंस आणि दोन्ही वेळा मी तुला गुण दिले. धुडकूला कळलं ते मला कळलं नाही.

इथे आल्यावर शेठनी रजेचे सगळे दिवस हजेरीत धरले. म्हणाले, भाई, घरचं एवढं मोठं दुखणं होतं तर जुलैतच सांगायचं, तेव्हाही धरले असते. मी मान खाली घालून टेबलाशी आलो.

एकच विचारतो. मराठीत एक ओळ का नाही लिहिलीस? दोष देत नाही. मला कळून घ्यायचं आहे.

लोभ कर म्हणायचं तोंड नाही.
पांडुरंग

—

दोंडाईचा
८ ऑक्टोबर १९९६

ती. भाऊस, शि. सा. न. वि. वि.

आईने शपथ घातली होती. तू कायम होईपर्यंत तुला कळवलं तर माझं मेलेलं तोंड पाहशील, असं म्हणाली आणि माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. गल्लीतल्या सगळ्यांनाही तिने बजावलं होतं. पत्र ती ऐकायची, पण इंग्रजी तिला कळत नव्हतं, आणि डॉक्टर, राखी हे ओळखीचे शब्द मी वाचताना गाळले. मी मनाशी ठरवलं की शपथ मराठीत घातली आहे, इंग्रजी तिच्यात येत नाही. आणि भाऊ एवढा हुशार, त्याला कळेलच.

तुझे आठ गुण आले त्या दिवशी मी तुझी राखी चुलीत घातली. तुला ती मिळाली नाही, आणि तू विचारलंही नाहीस. मला राग आला होता, अजूनही आहे, पण वाक्य खोटं असलं तरी चालेल असं कुणी सांगितलं होतं हे तुला ठाऊकच आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही.

शेवटच्या आठवड्यात तिला फारसं बोलवत नव्हतं. मला खूण करून म्हणाली, ते भाऊचं साहेबी वाच. मी तोच कागद वाचला आणि नऊ मिळाल्याचं सांगितलं. तर म्हणते, मेल्याने दहा का नाही दिले.

माझं ठीक चाललं आहे. काळजी करू नकोस. नवे शब्द तू पाठवले नाहीस, म्हणून एक मीच शोधला. डेसोलेट म्हणजे ओसाड.

रजनी

शब्दांचा कागद
डेसोलेट: आफ्टर फाइव्ह द हाउस इज डेसोलेट. नोबडी कम्स.

—

पांडेसरा
१४ ऑक्टोबर १९९६

चि. रजनी हिला अ. उ. आ.

आधी कागद वाचला, मग पत्र. पत्रात ठीक चाललं आहे, आणि कागदावर पाचनंतर घर ओसाड होतं, कुणी येत नाही. लाल पेन धुडकूला देऊन टाकलं आहे. तो त्याने रंगाच्या पिंपांवर आकडे टाकतो.

दोन भाकरी जास्त टाक. मी शनिवारी पाचच्या आत पोहोचतो. वाक्य फिकं आहे, पण खरं आहे.

तुझा भाऊ,
पांडुरंग