पुतळीचा सा

रामवाडी, पेण
२९ ऑगस्ट २०२५

सौ. सरोजिनीस,
सप्रेम नमस्कार.

पाकीट फोडल्यावर तू आधी सही बघशील, म्हणून इथेच सांगते, मी आसावरी. आमच्याकडे सगळं ठीक. दीड दिवसांचा गणपती काल गेला. मखर अजून तसंच उभं आहे, आरतीची तबकं ओट्यावर पडली आहेत आणि माझ्यात काही आवरायची ताकद उरलेली नाही. हे चहा करताहेत, म्हणजे साखर कुठे आहे ते दोनदा विचारून झालंय. तुमच्याकडे सगळे बरे असतील. एकोणीस वर्षांनी पत्र लिहायला बसले तर विचारायला एवढंच सुचतंय.

दिपिकाने तुला जूनमध्ये फोन केला होता. ती मूळची इथल्या जोहे गावची, तुमच्या लीड्सला हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या मुलीला शिकवशील का म्हणून तिने विचारलं, तर तू म्हणालीस, मुलगी आसावरीची शिष्या आहे, आसावरीने स्वतः लिहून कळवल्याशिवाय मी तिला घेणार नाही. हे ऐकून माझं डोकं फिरलं. एकाचा शिष्य दुसऱ्याने परस्पर घ्यायचा नाही, हा आपल्या गुरुजींचा नियम आहे खरा. पण तू नियमासाठी बोललीस की मला लिहायला लावायला, ते मला चांगलं ठाऊक आहे. तुझा स्वभाव काही बदललेला नाही. माझाही नाही, नाहीतर हे पत्र जूनमध्येच निघालं असतं.

मुलीचं कागदोपत्री नाव अनन्या. पण आजी गेली त्याच वर्षी ही झाली, म्हणून घरचे तिला आजीच्याच नावाने पुतळी म्हणतात, मीही तेच म्हणते. आता बारा वर्षांची आहे. सात वर्षांची असताना तिचे आजोबा काळुराम तिला एसटीने माझ्याकडे घेऊन आले. जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवतात ते. म्हणाले, "बाई, ही पोर झोपेत पन गाते. काय तरी करा हिचा." माझ्याकडे अशी गाणारी मुलं दर महिन्याला येतात, त्यामुळे मी टाळायला म्हणून म्हटलं, सा लाव बघू. तिने लावला आणि तो जागचा हलेना. गॅसवर दूध ठेवून आले होते, ते सगळं उतू गेलं.

त्या सा-साठी आपण किती वर्षं घातली, आठवतं ना? पेणहून रोह्याला गुरुजींकडे जाताना कासू स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबायची आणि आपण पैज लावून सा धरायचो, गाडी हलेपर्यंत. बायका भाजीच्या टोपल्या सावरत आपल्याकडे बघत राहायच्या. जिंकायचीस नेहमी तूच. पुतळी तेव्हा असती तर तिने तुलाही हरवलं असतं, हे मी मुद्दाम लिहितेय.

दीड वर्षापूर्वी दिपिका पुतळीला घेऊन तिकडे आली. दिपिकाने ड्युट्या सांभाळून बिचारीने पुष्कळ चौकशी केली. शाळेत व्हायोलिन किंवा फ्लूट, तेही नंबर लागला तर. देवळात एक भजनाचा वर्ग, पण तिथे सगळी मुलं एकदम गातात, कोणाचं काय चुकतंय ते बघायला कोणी नाही. शाळेच्या समूहगानात, कॉयरमध्ये मात्र पुतळीला लगेच घेतलं, तिथल्या बाई मायाळू आहेत. पण तिला पुढे नेणारं कोणी मिळेना. मग दिपिका मला म्हणाली, "बाई, तुम्हीच फोनवर शिकवाल काय?" मी लगेच हो म्हटलं.

लीड्सला तू आहेस, शिकवतेस, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी दिपिकाला सांगितलं नाही. तुझं नाव तिला तिकडेच कोणाकडून तरी कळलं.

तर दर रविवारी दुपारी मी फोन समोर टेकवून, तानपुरा घेऊन बसायचे. पुतळी म्हणायची, तानपुरा ऐकू येत नाही. मी म्हणायचे, लक्ष दे, येईल. ती सा लावायची आणि तो जरा वेळाने विरून जायचा. मी म्हणायचे, श्वास पुरत नाही, रियाज होत नाही, थंडीत लोळत पडत असशील. तीच मुलगी, जिचा सूर कधी तुटायचा नाही. ती नुसतं हो बाई म्हणायची. पुढे हळूहळू सूर टिकायला लागला, पण त्याला थरथर आली. ती मी तिथल्या थंडीवर ढकलली, वयावर ढकलली, शेवटी कॉयरवर ढकलली. दिपिकाला तोंडावर म्हटलं, तिकडे पोरीचं गाणं बिघडलं.

या महिन्यात सुट्टीला ती आली. माझ्यासमोर बसली, मी तानपुरा छेडला. सा लागला आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा हलत राहिला. मी म्हटलं, सरळ लाव. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी चिडले, म्हटलं, हे असं कोणी शिकवलं तुला? ती खाली बघत म्हणाली,

"बाई, सरळ लावला का तुमच्यापर्यंत पोचत नाय. हलवला का पोचतो."

मला काही समजेना. मग तिनेच शांतपणे समजावलं. एकाच जागी थांबलेला आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं त्या फोनला वाटतं आणि तो पुसून टाकतो. म्हणून माझा तानपुरा तिला जात नव्हता आणि तिचा सा मला येत नव्हता. ती तिकडे श्वास संपेपर्यंत सूर धरून बसायची आणि मी इकडून विचारायचे, सोडलास का? एकदा तिचा सूर चुकून हलला, तेव्हा मी म्हटलं होतं म्हणे, शाबास, आज टिकला. मला ते आठवतसुद्धा नाही. मी विचारलं, अगं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तुमी बोललाव श्वास कमी पडतो. मना वाटला, तुमचाच बरोबर."

फोनमध्ये ती पुसापुशी बंद करायची सोय असते. ह्यांनी ती शोधून बंद केली. मग मी फोन घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसले आणि पुतळीला बाहेर दुसऱ्या फोनसमोर तानपुरा छेडत सा लावायला सांगितलं. तानपुरा छान ऐकू आला. तिचा सूर तसाच हलत होता. समोर बसवून रोज घेतलं तेव्हा गेल्या आठवड्यात एकदा, माझं लक्ष दुसरीकडे आहे असं तिला वाटलं, तेव्हा थोडा वेळ तो पहिल्यासारखा उभा राहिला. मी वळून बघितलं आणि गेला.

तू निघालीस तेव्हा रोहा स्टेशनवर मी तुला म्हटलं होतं, तिकडे जाऊन गाणं राहत नाही. त्यावर तू जो अबोला धरलास तो आजपर्यंत. माझं ते मत पुरतं बदललंय असं नाही. पण या पोरीचं गाणं तिकडे नीट पोचलं होतं. पेणमध्ये बसून ते मी बिघडवलं.

मी थकलेय, सरू. वर्ग चालू आहे, पण येणाऱ्यांना परीक्षा हव्या असतात आणि त्यांच्या आयांना स्पर्धेतले नंबर. ही एकटी सुरासाठी यायची. मला तिला सोडायचं नाहीये. रविवारच्या दुपारी काय करायचं ते मला माहीत नाही.

तरी तुला हवं होतं तसं लिहून देते. पुतळी आजपासून तुझी. तिला समोर बसव, तानपुऱ्याला कान लागेल इतकी जवळ. बरेच दिवस बाकी काही नको, नुसता सा. आणि तिच्यावर रागावू नकोस, ते मी सगळं करून ठेवलंय.

रविवारचा फोन मी बंद करतेय. मी ऐकत राहिले, तर माझ्यापर्यंत पोचावा म्हणून ती सूर हलवतच राहील. हे तिला सांगायला मला जमलं नाही. परवा विमानात बसायच्या आधी तिच्या बॅगेत हे पत्र ठेवीन आणि सरूमावशीला दे म्हणेन, एवढंच. बाकीचं तू सांग.

तिचा सा पहिल्यासारखा लागायला लागला की तिच्याशी कासूची पैज लाव. कोण जिंकलं ते मला कळव, पण लिहून कळव. फोनवरच्या माझ्या कानांवर आता माझाच भरवसा नाही.

तुझी,
कासूला नेहमी हरणारी,
आसावरी